बत्ताशांची बरणी

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने गावोगाव शाळा काढल्या. प्रत्येक शाळेत एक पंतोजी आणि एक बत्ताशांची बरणी. उत्तर बरोबर आलं की बत्तासा, चुकलं की अंगठे धरून उभं राहायचं, अशी रीतच होती.

डोंगराखालच्या गावातले पंतोजी रीतीला पक्के. पोरं घडाघडा पाढे म्हणत, बत्तासा गालात धरत आणि तो विरघळायच्या आत पाढे विसरत. पंतोजींना मात्र वाटे, काय हुशार पोरं आपली!

एका वर्षी ऊस वाळला आणि बरणी रिकामी झाली. पोरांनी तोंडं मिटली ती मिटलीच. राजाने निरोप धाडला, "पुनवेला येतो. पोरं शिकताना दिसली नाहीत, तर शाळेला कुलूप."

पंतोजींनी छडी उगारली, गोडीगुलाबी केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुनवेच्या सकाळी ते हताश होऊन पोरांसकट ओढ्याकाठी जाऊन बसले. तिथे ओढा डोंगरातल्या एका भोकात गडप होई. जन्मभर पाहिलेलंच ते, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढं पाणी जातं तरी कुठे?"

"पाताळात!" एक पोरगा म्हणाला.

"हट्! राक्षस पितो," दुसरा म्हणाला.

"मग डोंगरापल्याडच्या आपल्या गोमुखाला पाणी येतं कुठनं?" माळ्याची पोर म्हणाली. "पंतोजी, तुम्हीच सांगा की."

पंतोजींनी भोकात डोकावून पाहिलं. "मला ठाऊक नाही गं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते असं म्हणत होते.

मग माळ्याच्या पोरीने मळ्यातून झेंडूची टोपली आणली. सगळ्यांनी पाकळ्या खुडून भोकात सोडल्या आणि गोमुखाकडे धूम ठोकली. मागोमाग धोतर सावरत पंतोजी.

राजा आला, तर शाळा ओस! तणतणत तो गोमुखापाशी पोचला. "पंतोजी, हेच का तुमचं शिकव..."

"शूऽऽ! जरा गप बसा की, महाराज," माळ्याची पोर म्हणाली.

पंतोजींनी डोळेच मिटले. आता शाळा गेली.

ऊन कलंडलं, तरी कुणी जागचं हललं नाही. आणि मग दगडी गाईच्या मुखातून एक पाकळी आली. पाठोपाठ दुसरी. बघता बघता सगळं कुंड पिवळंधमक झालं. एवढासा जीव पाकळीचा, पण ती अख्खा डोंगर पार करून आली होती! पंतोजींनी पोरांचे चेहरे पाहिले. इतकी वर्षं शिकवलं, पण असे चेहरे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

राजाने वाकून एक पाकळी उचलली. "मधे ही होती कुठे?"

"ठाऊक नाही, महाराज."

"उद्या शोधू!" पोरं ओरडली.

राजा सेवकाकडे वळला. "ते कुलूप परत ने. उद्या मीही येतोय."

पुढे ऊस पिकला, पण बरणी काही पुन्हा भरली नाही. शाळा सोडली ती फक्त बरणीपाशी जमणाऱ्या मुंग्यांनी.

तात्पर्य: बक्षिसाची गोडी जिभेवर विरते, नवलाची गोडी जन्मभर शिकवते.