लाल लाद्यांचा तट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्मेनिया देशात, दोन खोल दऱ्यांच्या मधल्या पठारावर एक शहर होतं. तिथे इतकी चर्चं होती, की एकाची घंटा थांबायच्या आत दुसऱ्याची सुरू होई. दोन बाजूंना दऱ्याच राखण करत. तिसऱ्या बाजूला मोकळं मैदान होतं, म्हणून तिथे उंच तट घातला होता.

तटाची देखभाल मखितार नावाच्या गवंड्याकडे होती. साठी उलटलेली, गुडघे दुखरे, पण हात अजून बिनचूक.

एका वर्षी भूकंप झाला आणि तटाला उभी भेग गेली. अख्खा हात आत जाईल एवढी.

मखितार नगरप्रमुखाकडे गेला. "एवढा भाग उतरवून पायापासून बांधावा लागेल. मला चाळीस माणसं द्या."

"देऊ की," नगरप्रमुख म्हणाला. "पण आधी थोरल्या चर्चचा घुमट होऊ दे. लोकांनी नवस बोललाय."

घुमट झाला. मग खालच्या आळीनं ईर्ष्येनं आपलं चर्च बांधायला काढलं, आणि सगळे गवंडी तिकडे लागले. मखितार दर वसंतात जाई, टोपी हातात धरून उभा राही, आणि "पुढच्या वर्षी बघू" एवढं ऐकून परत येई. अशी नऊ वर्षं गेली. भेगेत कबुतरांनी घरटी केली.

दहाव्या वर्षी जायचं त्याच्या जिवावर आलं. रागसुद्धा उरला नव्हता. उरला होता तो नुसता शीण, हाडांत मुरलेला. त्यानं एकट्यानं पंधरा दिवस खपून भेगेत माती आणि खडी कोंबली. वरून लाल दगडाच्या पातळ लाद्या बसवल्या. सांधे असे जुळवले, की शोधूनही सापडू नयेत.

अख्खं शहर बघायला लोटलं. नगरप्रमुखानं त्याला मिठीच मारली. "एकट्यानं केलंस गड्या! आणि आम्ही उगाच चाळीस माणसांचा घोर लावून घेतला होता."

मखितार आपली अवजारं गोळा करू लागला. आत काय भरलंय ते सांगायचं, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं समजवायचं, पुन्हा टोपी हातात धरायची. त्याला ते नको वाटलं.

घरी बायकोनं, शुशाननं, विचारलं, "अहो, आत काय भरलंत?"

"माती."

"मग जाऊन सांगा त्यांना."

"सांगेन गं. जरा टेकू दे."

टेकला तो टेकलाच. उन्हाळा गेला, हिवाळा गेला.

बर्फ वितळलं आणि मैदानावर शत्रूची फौज उतरली. नगरप्रमुखानं जुन्या, काळवंडलेल्या तटावर दाटीनं धनुर्धर उभे केले. लाल लाद्यांपाशी दोनच माणसं ठेवली. "ही बाजू भक्कम आहे," तो म्हणाला.

हे कानावर पडलं तसा मखितार दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटला. "तिथे माणसं हलवा! आत नुसती माती आहे!"

नगरप्रमुखाचा चेहरा पांढराफटक पडला. "आता सांगतोस?"

धनुर्धर वळेपर्यंत शत्रूचा ओंडका लाद्यांवर आदळला होता. तिसऱ्या धडकेला तट आत कोसळला.

शहर पडलं. किती तरी माणसं मेली, उरलेली दरीच्या वाटेनं परागंदा झाली. चर्चं उभी राहिली, पण प्रार्थनेला कुणी उरलं नाही. हळूहळू छपरं खचली, भिंतींत गवत रुजलं.

मखितार आणि शुशान पलीकडच्या खेड्यात कसेबसे दिवस काढू लागले. एकदा त्या पडक्या भिंतींपाशी मेंढरं चारणाऱ्या एका धनगरानं तिथे आलेल्या मखितारला विचारलं, "आजोबा, केवढं हे शहर! शत्रू फार बलाढ्य होता का?"

म्हातारा दगडावर टेकला. मग म्हणाला, "नऊ वर्षं मी खरं सांगत होतो आणि कुणी ऐकलं नाही. दहाव्या वर्षी सगळं शहर ऐकायला माझ्यासमोर उभं होतं, आणि मी गप्प बसलो."

धनगरानं हात पुढे केला आणि म्हाताऱ्याला उठायला आधार दिला.

लहानथोरांनो, थकल्यावर काम खाली ठेवण्यात लाज नाही. पण कच्चं काम पक्कं दिसेल असं झाकू नये, कारण उघडी भेग निदान माणसाला सावध तरी ठेवते.