दमलेला हात

“...मग दम वाढवू की हात सुधारू? दोन्हींतलं एक सांगा, वस्ताद. वेळ कमी आहे.”

निशिकांत घोरपडे उभ्याउभ्याच बोलत होता. वय त्रेचाळीस, साखर कारखान्यात केमिस्ट, चाळिशीपुढच्या गटातला जिल्ह्याचा नावाजलेला पोहणारा. राज्य स्पर्धेच्या निवडीला तीन आठवडे उरले होते. चारशे मीटरला जागा एकच. गेल्या वर्षी ती शेवटच्या पन्नास मीटरमध्ये, हातभर अंतरानं, दुसऱ्यानं नेली होती.

हिंदूराव वस्ताद पोहण्याच्या तलावात पाय सोडून काठावर बसले होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी कृष्णेत पोहायला शिकवलेली पोरं आता आजोबा झाली होती.

“सराव कसा करतोस?”

“शिस्तीत. सकाळी ताजा असताना हात घोटतो. संध्याकाळी दम. ऐंशी फेऱ्या, एकही सोडत नाही.”

“दाखव.”

“हात?”

“ऐंशी.”

निशिकांतनं सूर मारला. पहिल्या फेऱ्या बघत राहाव्यात अशा. कोपर उंच, हात लांब, पाण्याचा आवाजही नाही. पन्नास फेऱ्यांनंतर मात्र पाणी उडायला लागलं. साठ फेऱ्यांनंतर खांदे पेटले. तरी त्यानं ऐंशी पुऱ्या केल्या आणि काठ धरून धापा टाकत वर पाहिलं. आता शाबासकी येणार, असं त्याला वाटलं.

“पहिल्या फेरीला सतरा हात मारलेस,” वस्ताद म्हणाले. “शेवटच्या फेरीला सव्वीस.”

“दमल्यावर... होणारच की.”

“होणारच. रोज तीस फेऱ्या तू चूकच घोटतोस. छान मुरलीय.”

पलीकडं दोरी गुंडाळणारा जीवरक्षक फिस्सकन हसला. निशिकांतचे कान तापले.

“ठीक आहे. उद्या सकाळी ताजातवाना येतो. मग शिकवा.”

“ताज्या हाताला काय शिकवू? तो माझ्यापेक्षा बरा आहे.”

वस्तादांनी सदरा काढला, घडी घातली आणि ते छातीभर पाण्यात उतरले. उजवा तळवा त्यांनी पाण्यावर पुढं धरला.

“ये. हा माझा हात. प्रत्येक वेळी तुझा हात इथवर आला पाहिजे. मी मागं सरकत जातो.”

“आत्ता? खांदे उचलत नाहीत, वस्ताद.”

“बरं झालं.”

निशिकांतनं हात टाकला.

“पोचला नाही.”

पुन्हा टाकला.

“नाही पोचला.”

वस्ताद ओरडत नव्हते. घाईही करत नव्हते. ते एकेक पाऊल मागं सरकत होते आणि तळवा तेवढाच पुढं राहत होता. फेरी संपली की ते वळायचे आणि परत तळवा धरायचे. उन्हं उतरली. पाणी गार झालं. आपल्या दंडावर काटा आलेला निशिकांतला दिसत होता. म्हाताऱ्याच्या दंडावरही आला होता. पण सुरकुतलेला तो तळवा थरथरत नव्हता. अर्धा तास झाला, तरी तो पाण्याच्या पातळीवरून तसूभरही ढळला नव्हता.

हा माणूस आपल्यासाठी इतका वेळ उभा आहे, हे जाणवलं तेव्हा निशिकांतला खांद्यांच्या तक्रारीची लाज वाटली. त्यानं श्वास सोडला. कोपर सावकाश उचललं. हात पुढं सोडला, आणखी पुढं...

बोटांना बोटं लागली.

“पोचला.”

मग दुसरा. मग तिसरा. भिंत आली तेव्हा निशिकांतनं पुटपुटत मोजलं होतं... अठरा. डोळ्यांवरचा पोहायचा चष्मा त्यानं वर सरकवला.

“तीन आठवडे... पुरतील का, वस्ताद?”

वस्ताद कठडा धरून हळूहळू वर चढले. सदऱ्याची घडी उलगडली. ओल्या अंगावरच तो घातला. बटणं लावताना त्यांची बोटं गारठ्यानं वळत नव्हती...

“उद्या याहून जास्त दमून ये.”