मुक्या मुलांचे राज्य आणि एक खडा

एका राज्यात सिंहासन रिकामे होते आणि मुले मुकी होती. तिथल्या राजाने हयातभर कोणाला काही विचारले नव्हते. तो निपुत्रिक मेला, त्या दिवशी एक मांत्रिक दरबारात आला आणि म्हणाला, “जिथे कोणाला विचारत नाहीत, तिथे आवाज हवेत कशाला?” त्याने राज्यातल्या साऱ्या मुलांचे आवाज तांब्याच्या पेटीत कोंडले आणि पेटी दरबारात सोडून तो धूर होऊन गेला.

सगुणा कुंभारणीची लेक चिमणा तेव्हा सात वर्षांची होती. चाकाशी बसून गाणारी पोर आता नुसती पाहत राही. सगुणाला ते पाहवेना. ती रानात धनेश पक्ष्याकडे गेली. धनेश माणसांसारखा बोले.

“पेटी कशी उघडेल, पक्षिराजा?”

“तीन कामे करा. राज्य चालवू इच्छिणाऱ्याने गावोगाव जाऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. मग प्रत्येक जाणत्या माणसाने एकेक खडा टाकावा, कोणाचा तो कोणाला न कळता. शेवटी खडे सर्वांसमक्ष मोजावेत, आणि हरलेल्याने निकाल मानावा. निवडलेला राजा नव्हे, अध्यक्ष. पाच वर्षांनी पुन्हा खडे.”

सगुणाने हे दरबारात सांगितले, तेव्हा दोघे उभे राहिले : सेनापती मालोबा आणि वैद्य तारामती. दोघे उन्हातान्हात गावे फिरले. मालोबांना एका म्हातारीने विचारले, “लढाई नसेल तेव्हा काय कराल?” ते खरे तेच बोलले, “अजून ठाऊक नाही.”

सगुणाने गावागणिक एक अरुंद तोंडाचे मडके घडवले. तारामतीसाठी पांढरा खडा, मालोबांसाठी काळा. मुठीत काय आहे, ते मूठच जाणे.

राजवाड्यापुढे मोजणी झाली. पांढरे खडे नऊशेने जास्त भरले. पण पेटी उघडेना.

“एक खडा कमी आहे,” राजवाड्याच्या कमानीवर येऊन बसलेला धनेश म्हणाला.

यादी वाचली, तेव्हा कळले. खाडीपलीकडच्या बेटावर धाकोबा एकटाच मीठ पिकवत होता. तिकडे कोणी गेलेच नव्हते.

“नऊशेत एकाने काय फरक पडतो?” दरबारी हसले.

डोक्यावर मडके, कडोसरीला दोन खडे आणि हाताशी चिमणा, अशी सगुणा होडीत बसली. वारा उलटा होता. तिच्या तळहातांना फोड आले.

धाकोबा मिठाच्या ढिगाशी उभा होता. “निकाल लागला ना? मग आता माझा खडा कशाला?”

“निकालासाठी नाही, बाबा. तुम्हाला विचारायचं राहिलं होतं.”

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. डोळे पुसून त्याने दोन्ही खडे घेतले, पाठ फिरवली, एक मडक्यात टाकला आणि दुसरा खाडीत भिरकावला.

सगुणाने परत येऊन ते मडके न पाहता मोठ्या राशीत रिते केले. निकाल बदलला नाही. मालोबांनी कमरेची तलवार सोडून तारामतीपुढे ठेवली. “अध्यक्षबाई, हुकूम करा.”

तेव्हा पेटी उघडली. राज्यभर मुलांचा एकच कालवा झाला.

आवाज परत येताच चिमणाने विचारले, “आई, त्या आजोबांनी कोणता खडा टाकला गं?”

“ते त्यांचं त्यांना ठाऊक,” सगुणा म्हणाली आणि लेकीचा तो आवाज पुन्हा ऐकावा म्हणून गप्प राहिली.