चिलोंबेत कुणी आभार का मानत नाही

बसा, पण एका दगडावर एकच जण. अरे, दगड सरकवायचा नाही! सव्वाशे वर्षांत इथला दगड कुणी हलवलेला नाही, आणि तुम्ही कालची पोरं निघालात हलवायला.

हे चिलोंबेचं चर्च. वर छप्पर नाही, भिंती कमरेएवढ्या, आणि बाकांच्या जागी हे दगड. शेजारच्या दोन दगडांवर बसून दोघांनी हात लांब केले, तरी बोटाला बोट लागत नाही. मी जालन्याकडची, भालेरावांची मुलगी. नर्स म्हणून समुद्र ओलांडून या परमुलखातल्या मिशनच्या दवाखान्यात आले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आले तेव्हा मीही तुमच्यासारखीच चिडायचे. पंधरवड्यामागं तुम्ही डॉक्टर मंडळींनी चार तास उभं राहून ते लेकरू वाचवलंत आणि काल ‘आता घरी न्या’ म्हणालात, तर त्याच्या आईनं तोंड फिरवलं, म्हणून काल जेवताना तुमची तोंडं एवढीशी झाली होती. मी पाहिलं. म्हणून तर इथं आणलं तुम्हाला.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं मॅकफी मडम म्हणून स्कॉटलंडची डॉक्टरीण होती, आणि येसाया नावाचा इथलाच माणूस तिचा कंपाउंडर. मलमपट्टी तो करायचा आणि रविवारी उपदेशही तोच. अकरा वर्षं दोघं खपली, आणि चर्चला येणारी माणसं किती, तर सहा. त्यातली पाच येसायाच्या घरची. येसायाचा देव फक्त येसायालाच ऐकू येतो, असं गाव हसायचं म्हणे.

मग सरोवरापलीकडून आलेल्या एका होडीतून देवीचा रोग आला. शिरला तो नेमका येसायाच्या घरात. त्याला स्वतःला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून तो वाचला. बायको गेली. आठ दिवसांत दोन्ही मुलगे गेले. मडमनं पहिल्याच दिवशी त्याच्या घरच्यांना गावाबाहेरच्या झोपडीत हलवलं होतं, वाटेवर काटे टाकले होते, कुणी जायचं नाही की यायचं नाही. आणि गाव वाचलं हो! दुसऱ्या एकाही घरात फोड दिसला नाही. हे ध्यानात ठेवा.

उरली नऊ वर्षांची एस्नाथ. तिलाही ताप चढला. तेव्हा येसाया भर दुपारी पाण्यात गुडघे टेकून ओरडला म्हणे, “ही एक तरी ठेव! ज्या दिवशी ती पायांवर उभी राहील, त्याच दिवशी सगळं गाव तुझ्या दारात आणीन, आणि तीच आपल्या हातानं सगळ्यांना भाकर वाटेल.”

एका शनिवारी सकाळी एस्नाथ उठली. भिंतीला धरून दारापर्यंत चालत आली.

येसाया पळतच मडमकडे गेला. मडम आली, तिनं पोरीला नखशिखान्त तपासलं. तोंडावरच्या, पाठीवरच्या खपल्या पडल्या होत्या. तळहातांवरच्या तेवढ्या राहिल्या होत्या. ती म्हणाली, “आणखी आठ दिवस थांब, येसाया.”

“देवाला थांबवू, मडम? आणि त्यानं ती परत मागितली तर?”

कंपाउंडर होता तो. शेवटची खपली गळेपर्यंत रोग लागतो, तोवर माणसाला बाहेर काढायचं नाही, हे त्यानंच गावाला घसा फोडून सांगितलं होतं. पण दोन मुलगे पुरलेला बाप होता, त्याला कुणी काय बोलावं? माझा राग आहे तो मडमवर. चर्चच्या घंटेची दोरी तिच्या खोलीत असायची. नाही म्हटलं असतं तर घंटाच वाजली नसती. पण अकरा वर्षं तिनं रिकामं चर्च पाहिलं होतं. ती उठली आणि दोरी काढून दिली.

सगळं गाव लोटलं. मेलेली पोर उठली म्हणे, चला बघायला! चारशे माणूस या भिंतींच्या आत, खांद्याला खांदा लावून. एस्नाथनं कसाव्याच्या, म्हणजे इथल्या कंदाच्या पिठाच्या, भाकरीचा तुकडा एकेकाच्या हातावर ठेवला. लोकांनी तिचे हात हातात घेतले, डोळ्यांना लावले, तान्ही पोरं तिच्या मांडीवर दिली. इतकं सुंदर गाणं त्या चर्चमध्ये पुन्हा झालं नाही, असं सांगतात. मडम रडत होती.

बाराव्या दिवशी पहिला ताप आला. मग घराघरात. दोनशेच्या वर माणूस गेलं, तान्हं तर एकही राहिलं नाही. पुरायला कोण? येसाया आणि मडम. मडम पुढच्या बोटीनं गेली, ती कायमची. येसायानं चर्चचं छप्पर उतरवलं, दोरी जाळली, आणि किनाऱ्यावरून एकेक दगड आणून असा लांब लांब मांडला. नंतर म्हातारा होईपर्यंत तो लोकांच्या जखमा धूत राहिला, पण त्याला प्रार्थना करताना पुन्हा कुणी पाहिलं नाही. एस्नाथ ऐंशी वर्षं जगली. तिच्या हातून गावात कुणी पाण्याचा पेलाही घेतला नाही, आणि तिनंही कधी पुढे केला नाही. तो कोपऱ्यातला दगड तिचा. ‘मला का मागून घेतलं?’ एवढंच ती बापाला विचारायची म्हणे.

आजही इथं बरा झालेला माणूस दवाखान्याच्या मागच्या वाटेनं एकटा निघतो; लेकरू असेल तर आई त्याला घेऊन निघते. इथं येतो, तळहात पालथे घालून मांडीवर ठेवतो, थोडा वेळ बसतो आणि घरी जातो. कुणी भेटायला येत नाही, कुणी गात नाही. आभार तर तोंडातून काढायचेच नाहीत. मला कावीळ झाली होती तेव्हा मीही बसले होते. लहानपणापासूनची सगळी स्तोत्रं पाठ आहेत मला, पण त्या दिवशी एक ओळ आठवली नाही.

ती बघा, तुमच्या लेकराची आई आली. मोबाईल आत ठेवा. ती एस्नाथच्या दगडाकडे बघून रडेल, रडू द्या. आणि कृपा करा, पोराला घ्यायला हात पुढे करू नका.