लिंबाजीनं मागचे कार्यक्रम बंद केले

रविवार, ८ डिसेंबर. पहाटे कडाक्याची थंडी, नंतर आभाळ स्वच्छ, वारा अजिबात नाही.

हिंगणमोहा गावात शहाणे पुष्कळ होते आणि भोळा एकच होता. त्याचं नाव लिंबाजी. वय अडतीस, लग्न व्हायचं होतं.

लिंबाजी शेती करायचा. पण मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे फोन ठेवून देत. म्हणून या खेपेला कुसुमवहिनीनं सांगून टाकलं, "आमचे भाऊजी लॅपटॉपवर काम करतात." लॅपटॉप घरात होता, एवढं खरं. लिंबाजी त्यावर भजनं ऐकायचा.

मुलीच्या मामांनी एकच अट घातली. घर बघायला येऊ, तेव्हा मुलगा काय काम करतो ते डोळ्यांनी बघू. पाहुणे चारला यायचे होते. आणि लॅपटॉप असा, की सुरू करून म्हशीची धार काढून आलं तरी पडदा काळाच.

"भाऊजी, हे आज चाललं नाही तर तुमचं लग्न या जन्मात होत नाही," वहिनी म्हणाली. "पुण्याला फोन लावा."

पुण्याला मामेभाऊ शिरीष होता. कंपनीत दिवसभर इंग्रजी बोलून पोट भरायचा आणि मराठीची सेवा नातेवाइकांवर करायचा. मराठी दिनाला त्यानं शपथ घेतली होती, की गावाकडच्या माणसाशी बोलताना एकही इंग्रजी शब्द वापरायचा नाही; डिस्कलाही तो चकती म्हणायचा. बऱ्याच वेळानं पडदा उजळला, तेव्हा त्यानं लिंबाजीला एकेक कळ दाबायला लावून लॅपटॉपवरचा भार दाखवणारा तक्ता उघडून घेतला.

"लिंबा, चकतीपुढं आकडा किती दिसतोय?"

"शंभर, दादा!" लिंबाजीला बरं वाटलं. शाळेत तो कधी पस्तीसच्या वर गेला नव्हता.

"वाईट आहे. हा आकडा खाली यायला पाहिजे. फार खिडक्या उघड्या असतील. सगळ्या खिडक्या बंद कर."

लिंबाजी उठला. पुढच्या दोन लावल्या, माजघरातली लावली, स्वयंपाकघरातलीही लावली. तिथं वहिनी मिरच्यांची फोडणी देत होती. सगळं घर खोकायला लागलं. थोरला भाऊ आण्णा डोळे चोळत अंगणात पळाला. लिंबाजीनं खोकत खोकत आकडा बघितला. शंभर.

"लावल्या दादा. सगळ्यांना ठसका लागलाय."

"अरे गाढवा, घराच्या नाही! बाहेरचं काही करायचं नसतं. जे करायचं ते त्याच्या आत."

लिंबाजीनं हे पक्कं ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

"आता कचरापेटी रिकामी कर," शिरीष म्हणाला.

लिंबाजी कचरापेटी घेऊन निघाला. उकिरड्यापर्यंत गेला आणि थबकला. बाहेर नाही, त्याच्या आत. तो परत आला. लॅपटॉपची पिशवी उघडली आणि चहाचा चोथा, कांद्याची सालं, कालचं कालवण सगळं तीत ओतलं. पेटी रिकामी झाली. पिशवी भरली. आकडा शंभर.

"अरे, कचरा आत घालतात का?" शिरीष ओरडला. "ज्यानं जागा अडते ते उचलायचं आणि बाहेर टाकायचं!"

"उचलायचं आणि बाहेर टाकायचं," लिंबाजी म्हणाला.

"हं. आता बस आणि नीट बघ. कोण सगळ्यात जास्त खातंय? जो जास्त खात असेल त्याला थांबव."

जेवायची वेळ झाली होती. लिंबाजी भिंतीला टेकून नीट बघत बसला. वहिनीनं दीड भाकरी खाल्ली. आण्णानं चार खाल्ल्या आणि पाचवी मोडली. लिंबाजीनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि अंगणात टाकलं. कुत्र्यानं ताबडतोब हजेरी लावली.

"लिंबा!" आण्णाचा घास हातातच राहिला. "येड लागलं का काय तुला?"

"शिरीषदादानं सांगितलंय. तुझ्यानं जागा अडते."

आण्णानं फोन ओढून घेतला आणि शिरीषला जे ऐकवलं ते शुद्ध मराठीच होतं. आकडा शंभर.

संध्याकाळचे चार वाजले. पाहुण्यांची जीप आली. मामा, मामी, दोन काका, आई आणि स्वतः मुलगी, वैजयंता. चौतिशीची, शिवणकाम करणारी, सरळ बघून बोलणारी. मागच्या पडवीत सावली होती, तिथं सतरंजी अंथरली. आधी फराळ, मग लॅपटॉप, असं वहिनीनं बेतलं होतं. जाता जाता वैजयंतानं पुढच्या खोलीत डोकावून पाहिलं. लिंबाजी पदर धरल्यासारखा लॅपटॉप धरून बसला होता. ती हसली, आणि ते हसू वाईट नव्हतं.

"मुलगा गरीब दिसतोय," ती मामीला म्हणाली. "मला चालंल."

वहिनीनं हे ऐकलं आणि लाडवांचं ताट दोनदा फिरवलं.

पुढच्या खोलीत लिंबाजीनं फोन लावला. शिरीषचा आवाज बसला होता.

"हे शेवटचं सांगतोय. घरच्याला हात लावायचा नाही. घरचं बंद पडलं की सगळंच बंद पडतं. जे बाहेरून आलंय तेवढंच बघायचं. कळलं?"

"कळलं. घरचं सोडायचं, बाहेरून आलेलं धरायचं."

"शाब्बास. आता ऐक. तू इकडं पुढं काम करत बसतोस आणि तुझ्या पाठीमागं कार्यक्रम चालू असतात. दिसत नाहीत, पण बसून खात असतात. म्हणून सगळं अडतं. ते मागचे कार्यक्रम बंद कर."

लिंबाजीनं कान दिला. मागं कार्यक्रम चालू होता. खाण्याचा आवाजही येत होता.

"दादा, तुला पुण्यात बसून कळलं कसं?"

"अनुभव. आणि ऐक, तुला विचारतील, नक्की बंद करायचं का? न घाबरता हो म्हणायचं. पुन्हा विचारलं तरी हो."

लिंबाजी पडवीत गेला. मामा तिसऱ्या लाडवावर होते.

"कार्यक्रम बंद," लिंबाजी म्हणाला.

वहिनीच्या हातातलं तांब्याभांडं वाजलं. "भाऊजी, काय बोलताय!"

वहिनी घरची होती. लिंबाजीनं तिला सोडलं.

मामांनी लाडू खाली ठेवला. "नक्की बंद करायचा?"

लिंबाजीचा चेहरा उजळला. शिरीषदादा म्हणाला होता, अगदी तेच शब्द. "हो."

"नीट विचार करा, पाव्हणं. आम्ही उठलो की परत बसत नसतो."

"हो."

"आणि पोरीनं पसंत केलंय तुम्हाला, तरीबी?"

"हो."

वैजयंतानं मान वर केली. "माझ्यात काय खोट दिसली, ते तरी सांगा."

"खोट काही नाही," लिंबाजी समजुतीनं म्हणाला. "तुम्ही बाहेरून आलाय. शिवाय मागं बसून खाताय. तुमच्यानं सगळं अडलंय."

मामी उठली, मग काका उठले. आईनं डोळ्याला पदर लावला. वहिनी सगळ्यांच्या आडवी गेली, हातापाया पडली. वैजयंता शेवटी उठली. तिनं आपली बशी विसळून पालथी ठेवली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

लिंबाजी धावत पुढच्या खोलीत आला. फोन अजून चालूच होता.

"झाले का बंद?" शिरीषनं विचारलं.

"झाले दादा. सहा होते."

"आकडा सांग."

लिंबाजीनं आकडा बघितला.

जीप चार वाजून चाळीस मिनिटांनी वेशीबाहेर गेली. आकडा अठ्ठ्याण्णव होता.