दोन काठांची साक्ष

त्या तळ्याच्या राज्यात डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे मानले जाई. त्यामुळे पूर्व काठावरच्या आठ पायांच्या थोरल्या कोळिणीला कोणी विचारत नसे. तिचे डोळे अधू होते. जाळ्याच्या धाग्यावर पाय ठेवून ती पाण्याची थरथर ओळखायची.

एके दिवशी तिने दरबारात कळवले, "पार पलीकडच्या तळाशी दोन काळे गोटे युगानुयुगे एकमेकांभोवती फिरत होते. मूर्ती लहान, पण वजन डोंगराचे. ते एक झाले. थरथर आधी संथ होती, मग घाईची, मग आणखी घाईची, मग एकच धक्का. पुढे काही नाही."

चौकशीला बेडूकराव आले. ते जाळ्यावर धपकन बसले, जाळे हादरले आणि "थरथर आहे खरी," असे त्यांनी जाहीर केले. तीन दिवस ते येत राहिले आणि थरथर रोज सापडत राहिली.

शेवटी दरबारातले म्हातारे कासव वैतागले. "एका काठावर बेडूकही उडी मारतो. दोन्ही काठांना तीच थरथर जाणवली असेल तरच खरी. संध्याकाळपर्यंत दुसरी साक्ष आली नाही, तर हे जाळे जळमट समजून झाडून टाका."

पश्चिम काठावर थोरलीची धाकटी बहीण राहायची. जाळ्यात अडकलेली एक माशी कोणाची, यावरून दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला होता. अखेर नाक मुठीत धरून तिने पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराबरोबर निरोप धाडला, "चार दिवसांपूर्वी काय जाणवले, एवढेच सांग." आपल्याला काय जाणवले ते तिने मुद्दामच कळवले नाही.

चतुर दिवस कलताना परतला. "धाकट्या बाई म्हणाल्या, आधी संथ, मग घाई, मग आणखी घाई, मग धक्का. आणि म्हणाल्या, ताईला सांग, माशी माझीच होती."

दरबाराने साक्ष मान्य केली, पण गोटे बघायला मागितले. "ते एक झाले तेव्हा आपले पणजोबाही जन्मले नव्हते," कासव म्हणाले. "इतक्या लांबून थरथर आत्ता पोचली." दरबार जांभया देत पांगला.

लहानपणी दोघी बहिणींनी मिळून काठापासून काठापर्यंत एक धागा ताणला होता. भांडणातही तो कोणी तोडला नव्हता. थोरलीने सवयीने त्यावर पाय ठेवला. धागा हलत होता. आधी संथ. मग जरा घाईने. तिने बेडूकरावांचा कानोसा घेतला. ते दूर चिखलात घोरत होते. धागा आणखी घाईने हलू लागला.

थोरलीने जेवणाची माशी मधोमध दोन केली, अर्धी धाकटीसाठी बाजूला ठेवली आणि धक्क्याची वाट पाहत बसली.