सर्वदाहास्त्राची शेवटची आहुती

द्वापर अजून उजाडायचे होते आणि देवांना माणसांच्या पंक्तीला बसायचा संकोच वाटत नव्हता, त्या काळची ही हकिकत. धूम्रगिरीच्या माथ्यावर, ताम्रवर्ण तटांनी वेढलेल्या तमसावती नगरीत विदारण नावाचा महाप्रतापी दैत्यराज राज्य करी. गज, अश्व, रथ यांची त्याला ददात नव्हती. परंतु एका झोतात अख्खी दिशा भस्म करणारे सर्वदाहास्त्र आपल्यापाशी असावे, या हव्यासाने त्याने शंभर दिवसांचा यज्ञ मांडला. शंभराव्या दिवशी मध्यान्ही शेवटची आहुती पडली, की अस्त्र कुंडातून वर येणार!

देवसेनापती सुवेगाला ही वार्ता कळली, ती त्याच शंभराव्या दिवशी सकाळी. तो तडक सेना घेऊन गिरीच्या पायथ्याशी आला. तेथे शालंकर मुनींचा आश्रम होता. हरिणे मुनींच्या खांद्यावर मान टाकून उभी होती आणि मुनी दुधीचा वेल मांडवावर चढवीत होते.

"भगवन्, गडावर चाल करण्याची आज्ञा असावी."

"विदारणाने अजून कुणाला जाळले का रे?"

"नाही. पण जाळल्यावर विचारायला यावे, तर माझे तोंडच उरायचे नाही."

मुनी खदखदून हसले. "बोलतोस चोख. जा. मात्र यज्ञमंडपात रक्ताचा थेंब जरी सांडला, तरी ते अर्धे पिकलेले अस्त्र जागच्या जागी फुटेल. मग तू नाहीस, मी नाही आणि हा वेलही नाही."

मग जे तुंबळ युद्ध झाले, त्याचे काय वर्णन करावे! शंखनादाने दरीतली पाखरे उडाली, बाणांनी आकाश झाकोळले, आणि सूर्य माथ्यावर यायला घटकाभर उरली असता महाद्वार कडाडून कोसळले. सुवेगाने रक्ताने भिजलेले खड्ग मंडपाबाहेर टाकले, हात-पाय धुतले आणि तो आत शिरला.

कुंडापाशी विदारण बसला होता. त्याच्या उत्तरीयाला पदराची गाठ मारून, धुराने डोळे लाल झालेली राणी मेघवर्णा शेजारी बसली होती. कारण पत्नीने हाताला हात लावल्यावाचून यजमानाची आहुती अग्नीला पोचत नाही.

"ये, सेनापती!" विदारण गरजला. "खड्ग बाहेर ठेवलेस? आता काय, ओवाळणार मला?"

"राजा, थांबव हे. देवांनी तुझे एक गाव तरी घेतले आहे का?"

"घेऊ नये म्हणूनच हे अस्त्र! इतक्यात सोडणारही नव्हतो. पण तू माझे द्वार मोडलेस. आता पहिला झोत पूर्वेला, थेट स्वर्गाच्या वेशीपर्यंत!"

सुवेग मनाशी म्हणाला, जे टाळायला आलो, तेच आपण ओढवून घेतले की काय?

"पूर्वेला?" मेघवर्णा दचकली. "अहो, पूर्वेला माझे माहेर आहे!"

"असेल. अस्त्र नातीगोती पाहत नाही."

"आईने कालच लाडू धाडले, जावयाचा उपास सुटेल म्हणून!"

"राणी, ही लाडवांची वेळ नव्हे! हाताला हात लाव."

मेघवर्णेने शांतपणे पदराची गाठ सोडली आणि ती उठली. "नव्याण्णव दिवस तुमच्या मोठेपणापायी धूर खाल्ला. आईला जाळायला हात लावायची नाही!"

"अगं, बस! बस म्हणतो ना!" असे राजा म्हणतो आहे, तोच मध्यान्हीचा शंख वाजला. तूप कुंडात पडले, पण अग्नी ओल्या लाकडासारखा नुसता चरचरला.

तेवढ्यात शालंकर मुनी गड चढून आले आणि मेघगंभीर वाणीने वदले, "हे अग्ने, भूमीच्या पोटात जा आणि पाणी तापव! विदारणा, त्या कढत पाण्याच्या झऱ्यात भात शिजवून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढ! सुवेगा, तुझे कारण खरे होते. परंतु द्वारात पडलेले वीर परत यायचे नाहीत. तू आधी हात उगारलास, तेव्हा कल्पान्तापर्यंत या शिखरावर मेघ होऊन पहारा दे!"

"शाप मान्य, भगवन्," सुवेग हसून म्हणाला. "खाली सगळे जिवंत दिसत राहतील, एवढे पुरे."

"आणि मुली, तुला वर."

मेघवर्णेने मागितला तो वर आजही धूम्रगिरीवर पाळला जातो. समिधा रचल्या, तूप वितळले, तरी यजमानपत्नी आधी विचारते, "हा अग्नी कुणाला जाळणार?" आणि उत्तर तिला पटून तिचा हात पुढे येईपर्यंत भले भले पुरोहित मुकाट बसून राहतात.